जुन्या शीतयंत्रांचे रूपांतर : बऱ्हाणपूरच्या निमित्ताने एक अभ्यास

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तर तीरावर वसलेले बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी खानदेशाशी त्याचे नाते फार जुने आहे. फारुकी सुलतानांच्या काळी हे नगर खानदेशाची राजधानी होते. आजही जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल हे तालुके आणि बऱ्हाणपूरचा परिसर मिळून केळीचा एकच सलग पट्टा होतो. राज्यांची सीमा मधून गेली, तरी माती, पाणी आणि ऊन या तिन्ही गोष्टी सारख्याच राहिल्या. वैशाख-ज्येष्ठात येथे पारा ४३-४४ अंश सेल्सिअसवर जाणे नवलाचे नाही. अशा दिवसांत रुग्णालयाची शस्त्रक्रियेची खोली, बँकेतील संगणकांची खोली, औषधांचे दुकान आणि केळी पिकविण्याची बंद खोली यांना शीतयंत्र ही चैनीची वस्तू राहत नाही.

यांपैकी अनेक ठिकाणची यंत्रे दहा-पंधरा वर्षांपूर्वीची, आर-२२ या प्रशीतकावर चालणारी आहेत. प्रशीतक म्हणजे यंत्राच्या नळ्यांतून फिरणारा, बोलीभाषेत ज्याला नुसता ‘गॅस’ म्हणतात, तो पदार्थ. आंतरराष्ट्रीय करारानुसार आर-२२ चा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. ३१ डिसेंबर २०२४ नंतर या वर्गातील प्रशीतके वापरून नवीन यंत्रे तयार करणे आपल्या देशात थांबविण्याचे ठरले आहे. साहजिकच यंत्राच्या मालकापुढे प्रश्न उभा राहतो. चालू यंत्र टाकून द्यावे, त्यात दुसरा गॅस भरावा, की आहे तसेच चालवावे? घाईने घेतलेल्या निर्णयात पैसा जातो, माल नासतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. यास्तव या विषयाची मूलतत्त्वे सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्र थंडावा कसे देते?

माठातील पाणी उन्हाळ्यात गार राहते, याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. माठाच्या छिद्रांतून पाझरणारे पाणी वाफ होऊन जाताना माठातील उष्णता घेऊन जाते. शीतयंत्राचे तत्त्व हेच आहे. फरक एवढाच, की माठातील वाफ हवेत निघून जाते, तर यंत्रातील वाफ परत पकडून तिचे पुन्हा द्रवात रूपांतर केले जाते.

आर-२२ हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाखाली उणे ४०.८ अंशांवरच उकळतो. खोलीतील कॉइलमध्ये तो कमी दाबाखाली उकळतो आणि खोलीतील उष्णता शोषून घेतो. तयार झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो व दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक तापते, तद्वतच दाबलेली वाफ अतिशय तप्त होते. ती बाहेरच्या कंडेन्सरमध्ये गेली, की बाहेरील हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होते. नंतर बारीक कॅपिलरी नळीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना तिचा दाब उतरतो आणि चक्र नव्याने सुरू होते.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट अशी, की दिव्यातील तेलाप्रमाणे प्रशीतक जळून किंवा वापरून संपत नाही. बंद नळ्यांत ते वर्षानुवर्षे फिरत राहते. दुसरी गोष्ट अशी, की बाहेरील हवा जितकी तप्त, तितका कॉम्प्रेसरवरील ताण अधिक. बऱ्हाणपूरसारख्या ठिकाणी प्रशीतकाची निवड करताना ही दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते.

आर-२२ ला निरोप कशासाठी?

आरंभीच्या शीतयंत्रांत अमोनिया, गंधकाचा डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू वापरीत. १९२८ साली अमेरिकेत टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन व फ्लोरीन असलेली कार्बनची संयुगे प्रशीतक म्हणून पुढे आणली. ती जळत नव्हती, विषारी नव्हती आणि नळ्यांना खात नव्हती. त्यांचा प्रसार जगभर झाला. परंतु १९७४ साली मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ही स्थिर संयुगे वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यांतील क्लोरीन तेथील ओझोनचा नाश करतो. ओझोनचा हा थर म्हणजे अतिनील किरणांपासून पृथ्वीवरील जिवांचे संरक्षण करणारी छत्रीच होय. १९८५ साली दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशावरील ओझोनमध्ये मोठी घट झाल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले आणि जगाला या धोक्याची खात्री पटली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला आणि २००० साली ओझोनचा नाश करणाऱ्या पदार्थांवर नियंत्रण ठेवणारे नियम आपल्याकडे लागू झाले.

आर-२२ ची ओझोन नष्ट करण्याची शक्ती पहिल्या पिढीतील प्रशीतकांच्या मानाने बरीच कमी, म्हणजे सुमारे अठरावा भाग आहे. म्हणून त्याला अधिक मुदत मिळाली. भारतासारख्या देशांनी २००९ व २०१० या वर्षांतील सरासरी वापर हा पाया धरून २०१५ पर्यंत १० टक्के, २०२० पर्यंत ३५ टक्के व २०२५ पर्यंत ६७.५ टक्के कपात करावी आणि २०३० मध्ये वापर संपवावा, असे ठरले. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी २०३० ते २०४० या काळात पायाभूत वापराच्या सरासरी अडीच टक्के एवढाच अल्प साठा मिळू शकेल. अर्थात जुने यंत्र बाळगणे हा गुन्हा नाही. पण त्यासाठी लागणारा गॅस उत्तरोत्तर दुर्मीळ होत जाणार, हे निश्चित आहे.

या कराराचे फळ दिसू लागले आहे. जागतिक हवामान संघटना व संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने केलेल्या २०२२ च्या मूल्यमापनानुसार, सध्याची धोरणे पाळली गेल्यास जगाच्या बहुतेक भागांत ओझोनचा थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. दक्षिण ध्रुवावर त्यास २०६६ पर्यंतचा काळ लागेल.

ओझोनखेरीज दुसरा विचारही आहे. एक किलो आर-२२ हवेत सोडला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे १८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवितो. दीड टनाच्या साध्या यंत्रात सुमारे एक किलो गॅस असतो. नळी तोडून तो हवेत सोडावयास काही क्षण पुरतात.

प्रथम गळती, मग गॅस

दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ‘गॅस भरून घेणे’ ही अनेक ठिकाणी प्रथाच पडली आहे. वर सांगितल्याप्रमाणे गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. फुटक्या घागरीत रोज पाणी ओतावे, तसा हा प्रकार होय. गॅस स्वस्त होता तोवर ही चूक झाकली जात असे. यापुढे ती परवडणार नाही.

गळती शोधण्याची पहिली खूण म्हणजे नळ्यांच्या जोडांवरील तेलकट डाग. गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर पडते व त्यावर धूळ बसते. संशयास्पद जागी साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे येतात. सूक्ष्म गळतीसाठी इलेक्ट्रॉनिक शोधक मिळतात. गॅस बाहेर काढून घेतल्यानंतर नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून काही तास दाब टिकतो की नाही, हे पाहणे सर्वांत खात्रीचे. या कामी ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही वापरू नये. कॉम्प्रेसरमधील तेल व दाबाखालील ऑक्सिजन एकत्र येताच स्फोट होतो. तसेच नळीत गॅस असताना तिला ब्रेझिंगची ज्योत लावू नये, कारण ज्योतीच्या उष्णतेने आर-२२ चे विघटन होऊन अतिशय विषारी वायू तयार होतात.

उष्णतेचा भार कमी करावा

पुष्कळदा यंत्र थंड करीत नाही, याचा दोष गॅसवर ठेवला जातो आणि खरा दोष निराळाच असतो. कंडेन्सरच्या जाळीत धूळ व कापसाचे तंतू बसलेले असतात. यंत्रमागांच्या वस्तीत तर हे नेहमीचेच. बाहेरील भाग पश्चिमेच्या उन्हात भिंतीला चिकटून बसविलेला असतो. दाराच्या रबरी पट्ट्या झिजलेल्या असतात. पत्र्याच्या छतावर काहीच आच्छादन नसते. अशा स्थितीत नवा गॅस किंवा नवे यंत्र आणूनही पैसे वाया जातात.

जुन्या बऱ्हाणपुरातील जाड भिंतींची, आतल्या चौकाची घरे उन्हाचा हा विचार करूनच बांधलेली आढळतात. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत बांधलेला कुंडी भंडारा हा भूमिगत जलमार्ग तर सुप्रसिद्ध आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून नगरात आणल्यामुळे ते उन्हाने आटत नसे. संकट येऊच न देणे हे त्या कारागिरांचे धोरण होते. शीतयंत्राच्या बाबतीतही खोलीत शिरणारी उष्णता अडविणे हे पहिले काम आणि शिरलेली उष्णता बाहेर काढणे हे दुसरे.

यास्तव गॅस बदलण्यापूर्वी कंडेन्सर स्वच्छ धुवावा, त्यावर हवा अडणार नाही अशी सावली करावी, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात आणि छताला उष्णतारोधक थर द्यावा. साध्या खोलीत तापमान २४ अंशांवर ठेवावे. एवढे केल्यावर कित्येकदा पूर्वीपेक्षा लहान यंत्रही पुरते.

तीन मार्ग

पहिला मार्ग आहे तेच यंत्र आर-२२ वर चालविण्याचा. गळती नसेल, कॉम्प्रेसर उत्तम असेल आणि विजेचा वापर फार नसेल, तर चालू यंत्र केवळ भीतीपोटी मोडीत काढण्याचे कारण नाही. मोडीत निघालेल्या अन्य यंत्रांतून काढून शुद्ध केलेला आर-२२ अशा यंत्रांच्या दुरुस्तीस उपयोगी पडतो.

दुसरा मार्ग रूपांतराचा, म्हणजे यंत्र तेच ठेवून प्रशीतक बदलण्याचा. आर-२२ च्या जागी आर-४०७सी हे मिश्रण चालू शकते, कारण दोहोंचे दाब जवळजवळ सारखे आहेत. ओझोनला त्यापासून उपद्रव नाही. मात्र पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ती सुमारे १७७४ पट, म्हणजे आर-२२ च्या बरोबरीची आहे, हे विसरता कामा नये. यंत्राची थंड करण्याची क्षमताही रूपांतरानंतर किंचित घटते. कॉम्प्रेसर मोठा, किमती व सुस्थितीत असलेल्या मध्यवर्ती यंत्रणांस किंवा शीतखोल्यांस हा मार्ग योग्य होय. खिडकीतील लहान यंत्रांच्या कॉम्प्रेसरला तेल काढण्याचे बूचच नसते. ते उतरवून, उलटे करून तेल काढावे लागते. तो खटाटोप सहसा परवडत नाही.

तिसरा मार्ग संपूर्ण यंत्र बदलण्याचा. समजा, दीड टनाचे जुने यंत्र ताशी १.८ युनिट वीज घेते आणि नवे कार्यक्षम यंत्र १.२ युनिट घेते. रोज आठ तासांप्रमाणे १२० दिवसांत जुन्यास १७२८ युनिट, तर नव्यास ११५२ युनिट लागतील. ५७६ युनिटांची ही बचत आठ रुपये दराने ४६०८ रुपये होते. वर्षभर अहोरात्र चालणाऱ्या खोलीत हा हिशेब कितीतरी वाढतो. प्रत्येकाने आपल्या वीजबिलावरून तो मांडून पाहावा आणि नव्या यंत्राची किंमत किती वर्षांत वसूल होते, ते ठरवावे.

नवे यंत्र घेतानाही प्रशीतक विचारून घ्यावे. आर-४१०ए ओझोनला निरुपद्रवी असला, तरी पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ती सुमारे २०८८ पट आहे. शिवाय ७१ अंशांच्या वर त्याची वाफ कितीही दाबली तरी द्रवरूप होत नाही. बाहेर ४४ अंश असताना कंडेन्सरचे तापमान त्या मर्यादेच्या बरेच जवळ जाते व कार्यक्षमता घटते. आर-३२ ची शक्ती ६७५ पट आहे. प्रोपेन म्हणजे आर-२९० ची शक्ती तर अगदीच नगण्य आहे. प्रोपेनवर चालणारी घरगुती यंत्रे गोदरेज कंपनीने २०१२ साली भारतात बाजारात आणली. ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे झालेल्या दुरुस्तीस भारताने २०२१ साली मान्यता दिली असून, तदनुसार आर-४१०ए व आर-३२ ज्या वर्गात मोडतात त्या वर्गाचा वापर २०२८ मध्ये गोठविला जाईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी केला जाईल. म्हणून जास्त शक्तीचा प्रशीतक असलेले यंत्र आज घेणे म्हणजे हाच प्रश्न पुढील पिढीच्या दारात नेऊन ठेवणे होय.

रूपांतराचे काम कसे चालते?

रूपांतर म्हणजे एक गॅस काढून दुसरा भरणे, अशी समजूत आहे. वस्तुतः त्यातील निम्मे काम तेलाचे असते. आर-२२ च्या यंत्रात खनिज तेल असते व ते गॅसबरोबर फिरून कॉम्प्रेसरकडे परत येते. आर-४०७सी मध्ये ते मिसळत नाही. ते नळ्यांत साचून राहते, कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि जळतो. यासाठी पॉलिओलएस्टर हे कृत्रिम तेल घालावे लागते आणि जुन्या तेलाचा अंश ५ टक्क्यांच्या आत आणावा लागतो.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. रूपांतरापूर्वी यंत्राचे दाब, तापमान व विजेचा प्रवाह यांची नोंद करावी. जुना गॅस यंत्राच्या साहाय्याने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून त्याचे वजन करावे. जुने तेल काढून मोजावे व तितकेच नवे भरावे. यंत्र काही काळ चालवून ते तेल पुन्हा काढावे व बदलावे. दर वेळी जुन्या तेलाचा पाचवा हिस्सा मागे राहतो असे धरले, तर पहिल्या बदलानंतर २० टक्के व दुसऱ्यानंतर ४ टक्के उरते. म्हणजे दोन वेळा तरी तेल बदलणे भाग आहे. तेलाचे हे फेरे जुना गॅस यंत्रात असताना उरकून मग तो शेवटचा काढून घेणे सोयीचे पडते.

त्यानंतर फिल्टर-ड्रायर नवा बसवावा. जुन्या गॅसने फुगलेली रबरी कडी व वॉशर नव्या गॅसमध्ये आकसतात आणि गळती सुरू होते, म्हणून तीही बदलावीत. नायट्रोजनने दाबपरीक्षा घ्यावी. मग व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढून टाकावी आणि निर्वात स्थिती टिकते की नाही हे पाहावे. कृत्रिम तेल हवेतील ओल झपाट्याने शोषते, तेव्हा त्याचा डबा उघडा ठेवू नये.

आर-४०७सी हे तीन पदार्थांचे मिश्रण असून ते वेगवेगळ्या वेगाने उकळतात. सिलिंडरमधून वाफ घेतल्यास मिश्रणाचे प्रमाण बिघडते. यास्तव ते द्रवरूपातच, वजनकाट्यावर मोजून भरावे. प्रथम जुन्या गॅसच्या वजनाच्या सुमारे ९० टक्के भरावे व नंतर यंत्र चालवून हळूहळू पूर्ण करावे. शेवटी नव्या गॅसचे व तेलाचे नाव, वजन व दिनांक असलेली चिठ्ठी यंत्रावर चिकटवावी. ही चिठ्ठी नसेल, तर पुढचा मिस्त्री जुनाच गॅस ओतील आणि सर्व श्रम व्यर्थ जातील.

जिवावर बेतणाऱ्या चुका

आर-२२ च्या यंत्रात आर-४१०ए कधीही भरू नये. ५० अंश तापमानाला आर-२२ चा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे १९ पट असतो, तर आर-४१०ए चा सुमारे ३० पट. जुन्या नळ्या व कॉम्प्रेसर हा दाब सोसण्यासाठी बनविलेले नसतात.

त्याहून भयंकर चूक म्हणजे जुन्या यंत्रात प्रोपेन किंवा स्वयंपाकाचा गॅस भरणे. ‘यंत्र छान थंड करते’ असे सांगून हे केले जाते आणि काही दिवस ते खरेही वाटते. परंतु हवेत प्रोपेनचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले, की ठिणगी पडताच त्याचा भडका उडतो. प्रोपेनसाठी बनविलेल्या यंत्रात गॅसचे प्रमाण मर्यादित असते व ठिणगी पडणारे भाग वेगळे ठेवलेले असतात. जुन्या यंत्रात यांपैकी काहीच नसते. त्या यंत्रात ज्वालाग्राही वायू आहे, हे पुढे दुरुस्तीस येणाऱ्या माणसाला ठाऊक नसते. तो निःशंकपणे ज्योत पेटवितो. म्हणून ज्वालाग्राही प्रशीतक त्याच्यासाठी बनविलेल्या यंत्रातच आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या हातूनच वापरावे. प्रोपेनइतका नसला, तरी आर-३२ हा वायूही पेट घेऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

अमोनिया हा मोठ्या शीतगृहांतील जुना व कार्यक्षम प्रशीतक आहे. ओझोनला व हवामानाला त्यापासून धोका नाही. परंतु तो तांब्याला खातो. आर-२२ च्या तांब्याच्या नळ्यांत तो भरता येत नाही. त्यासाठी पोलादी नळ्यांची स्वतंत्र यंत्रणा आणि गळतीपासून बचावाची पक्की व्यवस्था लागते.

केळी पिकविण्याच्या खोलीत

केळीच्या पट्ट्यात या विषयाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. त्याऐवजी बंद खोलीत १६ ते १८ अंश तापमान व ९० ते ९५ टक्के आर्द्रता ठेवून सुमारे १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लक्ष भागांत १०० भाग, इतका इथिलीन वायू देतात. पिकू लागलेली केळी स्वतःच श्वसनाने पुष्कळ उष्णता बाहेर टाकतात. म्हणजे यंत्राला बाहेरचे ऊन आणि आतील फळांची उष्णता या दोहोंशी सामना द्यावा लागतो.

अशा खोलीतील यंत्र ऐन मे महिन्यात बंद पडले आणि तापमान २४-२५ अंशांच्या वर गेले, तर केळीचा गर मऊ होतो, पण साल पिवळी होत नाही. उलट यंत्र बिघडून तापमान १३ अंशांच्या खाली गेले, तर साल काळवंडते. दोन्ही प्रकारांत शेतकऱ्याचा वर्षभराचा घाम एका रात्रीत कवडीमोल होतो. यास्तव अशा खोल्यांतील यंत्रांचे रूपांतर हंगामापूर्वी, थंडीच्या दिवसांत उरकावे. भर उन्हाळ्यात यंत्र बंद पडल्यावर जो मिळेल तो गॅस भरण्याचा मोह होतो आणि वर वर्णिलेल्या चुका त्या वेळीच घडतात. इथिलीन हाही ज्वालाग्राही वायू आहे. ठरविलेल्या प्रमाणात तो धोक्याचा नाही. परंतु त्याचे सिलिंडर असलेल्या जागी गळका प्रोपेन व उघडी ज्योत यांची भर पडणे किती घातक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

शीतखोलीच्या भिंतींचाही या प्रश्नाशी संबंध आहे. भिंतींतील फोम फुगविण्यासाठी एचसीएफसी-१४१बी हे आर-२२ च्याच वर्गातील रसायन वापरीत असत. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात त्याचा वापर बंद झाला. नवी खोली बांधताना भिंतींचे फलक कोणत्या रसायनाने फुगविले आहेत, हेही पुरवठादारास विचारावे.

यंत्र मोडीत काढताना

जुने यंत्र भंगारात देताना त्यातील तांब्याचा भाव पाहिला जातो, गॅसचा नाही. नळी कापताच गॅस हवेत जातो. तसे न करता प्रथम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. तो शुद्ध केल्यावर दुसऱ्या जुन्या यंत्रास उपयोगी पडतो, म्हणजे तो मालमत्ताच आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वातानुकूलन यंत्रांचा समावेश आहे. त्यानुसार असे यंत्र नोंदणीकृत पुनर्वापर संस्थेकडे गेले पाहिजे.

कार्यालये व शाळा यांचे कार्य

प्रत्येक कार्यालय, बँक, रुग्णालय व सहकारी संस्था यांनी आपल्या शीतयंत्रांची एक नोंदवही ठेवावी. यंत्र कोणत्या वर्षीचे, गॅस कोणता व किती, तो कधी व का भरला, विजेचा वापर किती, एवढी माहिती तीत असावी. एकाच यंत्रात दोन वर्षांत दोनदा गॅस भरल्याची नोंद दिसली, तर ते यंत्र प्रथम दुरुस्तीस वा बदलास घ्यावे. दुरुस्तीची निविदा काढताना गॅस काढून घेण्याचे यंत्र, व्हॅक्यूम पंप व वजनकाटा ज्याच्याकडे आहे, अशाच कंत्राटदारास काम द्यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा अभ्यासक्रम असतो. गावातील होतकरू तरुणांना त्याकडे वळविल्यास त्यांना चांगला रोजगारही मिळेल.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. हाताच्या पंजावर स्पिरिटचा थेंब ठेवून बाष्पीभवनाने येणारा गारवा दाखवावा. सायकलच्या पंपाने दाबाची उष्णता दाखवावी. एका डब्यास ओले फडके गुंडाळून व दुसऱ्यास कोरडे ठेवून दोहोंतील पाण्याचे तापमान अर्ध्या तासाने मोजावे. सोळा सप्टेंबर हा दिवस जगभर ओझोन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी विद्यार्थ्यांकडून गावातील शीतयंत्रांची, त्यांवरील चिठ्ठ्या वाचून, यादी करवून घेतल्यास पुस्तकातील धडा गावाशी जोडला जाईल.

सारांश, जुन्या यंत्राच्या मालकाने चार प्रश्न क्रमाने विचारावेत. गळती आहे काय? खोलीत शिरणारी उष्णता कमी करता येईल काय? यंत्राचा कॉम्प्रेसर व आकार रूपांतराच्या खर्चास योग्य आहे काय? नसल्यास नवे यंत्र कोणत्या गॅसचे व किती वीज घेणारे असावे? या प्रश्नांची उत्तरे हिवाळ्यातच मिळविली, तर बऱ्हाणपूर-रावेरच्या कडक उन्हाळ्यात रुग्णालयाची खोली थंड राहील आणि शेतकऱ्याची केळी पिवळीधमक होऊन बाजारात पोहोचतील. जुना गॅसही हवेत न जाता सिलिंडरमध्ये सुरक्षित राहील.